पदवीची उधारी

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांमधे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. नाक्यावर फलक चढतात. फलकावर पास झालेल्या पोराचा फोटो बोटभर आणि त्याला शुभेच्छा देणाऱ्या भाऊ-दादा-साहेबांचे फोटो ढोपरभर. सात वाजता येणारे पाहुणे नऊ वाजता येतात. पोरापोरींच्या हातात गुलाबाचं फूल, संविधानाची प्रत, बाबासाहेबांची तसबीर. मग एकामागून एक पाहुणे माइक धरतात आणि सगळे मिळून एकच वाक्य बोलतात : समाजाचं ऋण विसरू नका. टाळ्या. वडा, चहा. पांगापांग.

कुठलं ऋण? कुणाचं? किती? कसं फेडायचं, कुणाच्या हातात नेऊन द्यायचं? यातलं एक अक्षर पाहुणा बोलत नाही. कारण तो हिशोब मांडायला बसला तर पहिलं नाव त्याचंच निघेल.

आणि मुळात हा ऋण शब्दच मला पटत नाही. तो पोथीतला आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. या तिन्ही ऋणांत शेण-गवऱ्या थापून पोराची फी भरणारी माझी आजी कुठेच बसत नाही. म्हणून मी आपला रोजचा शब्द घेतो : उधारी. वाण्याच्या वहीत असते तशी. तिच्यात नाव असतं, तारीख असते, रक्कम असते. ती भाषणानं फिटत नाही. यंदा ज्यांच्या हातात पदवी आली त्यांच्यापुढं हे संपादकीय ती वही उघडून ठेवतं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी मॅट्रिक. कविता लिहितो आणि पोटासाठी न्हावा-शेव्याच्या बाजूला यार्डात कंटेनर खाली करतो, भरतो. पनवेलहून पाळीच्या गाडीत उभ्यानं जातो, तसाच येतो. कंटेनर सुटताना त्याच्या दाराला नंबरी सील मारतात. पुढं गेटवर कागद बघतात, सीलचा नंबर बघतात आणि गाडी सोडतात. आत माल कुणी चढवला, कुणाची पाठ मोडली, हे सीलवर लिहिलेलं नसतं. तुमच्या पदवीचं तसंच आहे. त्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का आहे, कुलगुरूंची सही आहे, तुमचं नाव आहे. माल भरणाऱ्यांची नावं नाहीत. ती नावं सांगण्याचा हक्क माल भरणाऱ्याचाच.

तर वही उघडा.

पहिल्या पानावर एक शाळकरी पोरगी आहे. मुक्ता साळवे. मांगाची पोर. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकली. १८५५ साली तिनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. ती पदवीधर नव्हती. नोकरी लागू दे, घर होऊ दे, मग समाजाकडे बघते, असं ती म्हणाली नाही. अक्षर हातात आलं त्याबरोबर तिनं ते आपल्या माणसांच्या कामाला जुंपलं. परतफेड किती शिकल्यावर सुरू करायची, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे.

दुसरं पान आपल्याच जिल्ह्यातलं. तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. १९ आणि २० मार्च १९२७, महाड. परिषदेसाठी धडपडणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, आणि चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणारे हजारो लोक होते. त्यातले बहुतेक अंगठेबहाद्दर. तळ्यावरून परतताना त्यांनी मार खाल्ला, डोकी फुटली. त्यांना त्या पाण्याच्या बदल्यात नोकरी मिळणार नव्हती, राखीव जागा मिळणार नव्हती. ज्या रकान्यात आज तुम्ही जातीचा दाखला जोडता त्या रकान्याची शाई त्या दिवशी तयार झाली.

तिसरं पान कॉलेजांचं. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ च्या जूनमधे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. सकाळी लेक्चर, दिवसभर कारकुनी नाहीतर हमाली. १९५० साली औरंगाबादेत, जिथं आपल्या पोरांना कॉलेज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तिथं, पुढं मिलिंद म्हणून गाजलेलं महाविद्यालय उभं राहिलं. तिथं शिकवणाऱ्यांमधे गंगाधर पानतावणे होते, ज्यांनी 'अस्मितादर्श' वर्षानुवर्षं चालवलं. तिथं अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले आणि त्यांनी काळ्या लेखकांचं लिखाण आपल्या पोरांपुढं मांडलं. वानखेड्यांना मोठ्या पगारावर गप्प बसता आलं असतं. ते बसले नाहीत. एका शिकलेल्या माणसानं परत येऊन तोंड उघडलं, आणि मराठी साहित्याची झोप उडवणाऱ्यांत एक पिढी जास्तीची उभी राहिली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात पोरं रात्र-रात्र भांडत होती, लिहीत होती. १९७२ साली दलित पँथर निघाली ती त्याच हवेतून.

चौथं पान वाचताना आवाज खाली करा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारून जाळलं. सोळा वर्षं लोक मोर्चे काढत राहिले, तुरुंगात जात राहिले, मरत राहिले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पोचिराम त्या विद्यापीठात शिकायला जाणार नव्हते. ज्या पदवीच्या कागदावरच्या नावासाठी ते मेले तो कागद त्यांच्या हातात कधी येणार नव्हता. आता सांगा, ही रक्कम कुठल्या बँकेत भरणार?

पुढारी म्हणतात, बाबासाहेबांनी सगळं दिलं. खरं आहे. पण बाबासाहेबांनी कुणाला काय परत दिलं, ते बघितलं तर उधारी म्हणजे काय ते कळतं. जून १९१३ मधे त्यांनी बडोदे सरकारबरोबर करार केला. महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. ही उधारी कागदावरची, सहीची. न्यूयॉर्कला कोलंबियात शिकून, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यात गेले. तिथं काय झालं? राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव चोरून राहावं लागलं, आणि काठ्या घेतलेले लोक आल्यावर तीही सोडावी लागली. कचेरीत कागद लांबून फेकले जायचे. कागदावरची उधारी फेडायला गेलेल्या माणसाला त्या गावानं उभं राहू दिलं नाही.

पण जी उधारी कुठं लिहिलेली नव्हती ती त्यांनी जन्मभर फेडली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि तिचं पहिल्या कामांपैकी एक काय, तर सोलापुरात पोरांसाठी वसतिगृह. परदेशातल्या पदव्या खिशात असलेल्या माणसानं आधी पोरांच्या झोपायच्या जागेचा आणि भाकरीचा विचार केला. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या त्यामागंही त्यांचाच रेटा. आज तुमच्या खात्यात पडते, किंवा पडायला वर्ष लावते, ती शिष्यवृत्ती या झाडाची फांदी आहे.

आता समुद्रापलीकडं बघू. गोदीवरच्या माणसाला समुद्रापलीकडचं बघायची सवय असते.

अमेरिकेत दक्षिणेच्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. १८६५ मधे यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली, आणि लगेच काळ्या माणसांसाठी कॉलेजं निघू लागली. नॅशव्हिलचं फिस्क १८६६ मधे, वॉशिंग्टनचं हॉवर्ड १८६७ मधे, आणि अशी पुढं कितीतरी. फिस्क काही वर्षांतच बुडायला आलं. तेव्हा १८७१ साली तिथलीच पोरंपोरी गात बाहेर पडली. त्यातली बरीचशी गुलामीत जन्मलेली. शेतात राबताना त्यांचे आईबाप जी दुःखाची गाणी म्हणत ती त्यांनी गावोगाव, मग युरोपात गायली, आणि त्या पैशातून कॉलेजची पक्की इमारत उभी केली. पदवी मिळायच्या आधीच परतफेड! आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी यांनी कुठली इमारत बांधली ते आपल्याला ठाऊक आहे. तिला विटा नाहीत एवढंच.

याच फिस्कमधून १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस पदवीधर झाले. शिकत असतानाच सुट्ट्यांमधे टेनेसीच्या खेड्यांत जाऊन ते पोरांना शिकवत. १९०३ मधे त्यांनी मांडलं की काळ्या समाजातला दहातला एक जरी उत्तम शिकला तरी तो बाकीच्यांना वर ओढून घेईल. दहावा हिस्सा पुढं जाईल आणि नऊ हिस्से त्याच्या मागं. त्या वेळी ही मोठी आशा होती. आपल्याकडंही शिकलेल्यांनी मोक्याच्या जागा धराव्यात, म्हणजे मागचे सावलीत येतील, अशीच आशा होती.

१९४६ साली बाबासाहेबांनी या द्यु बॉईसना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. तुमची आणि आमची स्थिती सारखी आहे, असा त्या पत्राचा आशय. द्यु बॉईसनी उत्तर दिलं. दोन खंडांतल्या दोन शिकलेल्या माणसांनी एकमेकांच्या हातात हात दिला.

आणि पुढं दोघांच्या वाट्याला एकच दुःख आलं. १९४८ मधे द्यु बॉईस विल्बरफोर्स या काळ्यांच्या कॉलेजात बोलायला उभे राहिले आणि स्वतःचा दहाव्या हिश्शाचा विचार त्यांनीच तपासायला घेतला. शिकलेला माणूस आपसूक समाजाकडे वळेल असं मी धरून चाललो होतो, त्यात स्वार्थाचा हिशोब राहून गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. सात-आठ वर्षांनी, १८ मार्च १९५६ ला, आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील असं वाटलं होतं, हे तर आपलं पोट भरण्यात गुंतले, या अर्थाचं ते बोलणं आज प्रत्येक जयंतीत कुणी ना कुणी ऐकवतो. ऐकवणारा बहुधा स्वतः क्लास वन अधिकारी असतो. समोर बसलेले मान हलवतात. प्रत्येकाला वाटतं, हे शेजाऱ्याबद्दल चाललंय.

आता तुम्ही म्हणाल, हा गोदीवाला आम्हाला फासावर लटकवायला निघालाय. नाही, दोस्तांनो. तुमची बाजू मला माहीत आहे, कारण तुम्ही माझ्या चाळीतलेच आहात.

घरातला पहिला पदवीधर म्हणजे काय? आईच्या कानातलं गहाण आहे. बापाचं दम्याचं औषध आहे. बहिणीचं लग्न, भावाची फी, बँकेचं शैक्षणिक कर्ज. वरच्या घरातल्या पोराला पदवीबरोबर फ्लॅट मिळतो, मामाची ओळख मिळते. तुम्हाला पदवीबरोबर सगळ्या घराचं ओझं मिळतं. नोकरी लागते ती बारा महिन्यांच्या कंत्राटावर. शहरात खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात. कचेरीत डब्यावरून, आडनावावरून, कोट्यावरून टोमणे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉक्टर पायल तडवी २२ मे २०१९ ला मुंबईत गेली. ही पोरं पोटभरू नव्हती. शिकता शिकता त्यांना एकटं पाडलं होतं.

म्हणून मी विचारतो : शिकलेला माणूस वस्तीपासून तुटला, की वस्तीनंही त्याला एकटा सोडला? आपण पदवीधराकडं कशासाठी जातो? जयंतीच्या वर्गणीसाठी. फलकावर फोटो छापण्यासाठी. त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्याच खिडकीखाली डीजे लावतो, आणि तो पास झाला की शाल घेऊन धावतो. हिशोब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडू. तो आपलं देणं लागतो, आणि आपणही त्याचं लागतो. हे मान्य केलं तरच पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

परतफेड कशी करायची याचा एक प्रयत्न महाराष्ट्रातूनच सुरू झाला. पुण्यात संरक्षण खात्यात नोकरीला असलेले कांशीराम, त्यांच्याबरोबर दीनाभाना, डी. के. खापर्डे, यांनी नोकरदारांची संघटना बांधायला घेतली. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ रीतसर उभी राहिली. सरकारी नोकरीतल्या शिकलेल्या माणसानं आपली बुद्धी, वेळ आणि पैसा समाजाला परत द्यायचा, हा तिचा पाया. पे बॅक टु सोसायटी हा शब्द आपल्या घराघरात गेला तो तेव्हापासून. त्या लोकांनी सायकलींवर फिरून, रविवार घालवून काम केलं, त्याला माझा सलाम आहे.

पण काळ बदलला. तेव्हा शिकलेला म्हणजे सरकारी नोकर, आणि सरकारी नोकराला पेन्शन होतं. आज पदवीधर पोरगा मोटारसायकलवर जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याला महिन्याचा दहावा हिस्सा दे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पैसा मागणारे पुष्कळ आहेत. मी पैसा मागत नाही. मी आठवड्यातली एक संध्याकाळ मागतो. कशासाठी, ते सांगतो.

पनवेलात एक गोष्ट सांगतात. बाबासाहेब गाडीनं इथून चालले होते. तहान लागली. त्यांना इथं कुणी पाणी दिलं नाही. सोनबा येलवे नावाच्या आपल्या माणसाला हे कळलं, तो पाणी घेऊन धावला, तोवर गाडी निघून गेली होती. पुढं कधी तरी साहेब या रस्त्यानं येतील म्हणून सोनबा रोज पाण्याचं मडकं भरून वाट बघत बसायचा. म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना डोळे पुसतात. मी पुसत नाही. मी त्यातलं काम बघतो. सोनबाकडं पदवी नव्हती, पद नव्हतं, माइक नव्हता. त्याच्या हाताला जे जमत होतं ते त्यानं रोज, न चुकता, ठरलेल्या जागी केलं. परतफेडीची याहून सरळ व्याख्या मला सापडलेली नाही : हाताला जमेल ते, ठरलेल्या जागी, न चुकता.

आज पनवेलच्या वस्तीला कसली तहान लागली आहे?

बारावी झालेल्या पोरीचा महाडीबीटीचा अर्ज त्रुटी काढून परत येतो आणि त्रुटी काय आहे ते तिच्या आईबापाला वाचता येत नाही. सायबरवाला दर खेपेला पैसे घेतो. जात पडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा कुठून आणायचा, ते कुणी सांगत नाही. वसतिगृहात नंबर न लागलेल्या पोरांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिकायला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, बार्टी आहे. हे शब्द वस्तीत कुणी उच्चारत नाही. तुम्ही हे सगळं एकदा भोगून बाहेर पडलात. तुम्हाला दोन तासांत जमतं ते आमच्या घरी दोन वर्षं अडतं. या दोन वर्षांत पोरगी शिक्षण सोडून मॉलमधे उभी राहते नाहीतर बोहल्यावर.

माझ्या यार्डात पगाराची चिठ्ठी इंग्रजीत येते. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले जातात, भरले जातात की नाही ते बघायचं कसं, हे दहातल्या आठांना ठाऊक नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या. ठेकेदाराचा वकील त्या वाचून बसला आहे. आमच्या बाजूनं कुणी वाचल्या? पनवेलच्या वस्त्यांत एलएल.बी. झालेले आहेत, बी.कॉम. झालेले आहेत. बी.कॉम.वाल्या मित्रा, तुला ताळेबंद येतो ना? मग ये, आमच्या चिठ्ठ्या वाच. कुणाची हुशारी कुठं लागते ते मग बघ.

आणि समोर विमानतळ उभा आहे. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून विमानं उडू लागली. महाडला मनुस्मृती जाळली त्याला त्या दिवशी अठ्ठ्याण्णव वर्षं झाली. बंदर आलं तेव्हा आपण हमाल म्हणून आत गेलो. विमानतळात आपली पोरं कुठल्या दारानं आत जाणार? सामान ढकलायच्या की इंजिन दुरुस्तीच्या? त्याचं उत्तर आता आठवी-नववीत बसलेल्या पोरांच्या गणिताच्या वहीत आहे. ती वही तपासायला कोण येणार?

आता राहिला पुढारीपणाचा मुद्दा. सत्कारात दुसरं वाक्य असतं : तुम्ही उद्याचे नेते आहात. दोस्तांनो, या वाक्यापासून सांभाळा. आपल्याकडं नेत्यांचा तुटवडा नाही. एका निळ्या झेंड्याला किती दांडे आहेत ते मोजायला बसलात तर पाळी संपेल. पदवीधरानं वस्तीत यायचं आणि खुर्ची मागायची, हे आम्हाला नको आहे.

पुढारीपण कसं असावं याचं एक उदाहरण त्याच काळ्या कॉलेजांतलं आहे. एला बेकर. १९२७ साली, म्हणजे महाडच्याच वर्षी, रॅलेच्या शॉ विद्यापीठातून ती पदवीधर झाली. तिथून तेहतीस वर्षं ती गावोगाव फिरून माणसं जोडत राहिली. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोच्या काळ्या कॉलेजातली चार पोरं, पहिल्या वर्षाची, गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसली आणि त्यांनी कॉफी मागितली. त्यांना ती मिळाली नाही, ती उठलीही नाहीत. तळ्याचं पाणी काय आणि बाकावरची कॉफी काय, मागणी तीच. बघता बघता शहराशहरांत पोरं बाकांवर बसायला लागली. तेव्हा एला बेकरनं एप्रिलमधे त्या पोरांची बैठक भरवली. कुठं? स्वतःच्या जुन्या कॉलेजात, शॉमधे. मोठमोठे पुढारी त्यांना आपल्या संघटनेच्या पंखाखाली घ्यायला टपले होते. तिनं पोरांना सांगितलं, तुमची संघटना तुम्ही बांधा, तुमचे निर्णय तुम्ही घ्या. त्यातून स्निक नावाची विद्यार्थ्यांची समिती उभी राहिली. बाई स्वतः तिची अध्यक्ष झाली नाही. जुनी विद्यार्थिनी आपल्या कॉलेजात परत आली ती सत्कार घ्यायला आली नव्हती. ती जागा द्यायला आली होती.

आपल्याकडं शांताबाई दाणी झाल्या. ज्या काळात आपल्या पोरींना चौथीपुढं कुणी जाऊ देत नसे त्या काळात त्या शिकल्या, आणि शिक्षण घेऊन फेडरेशनच्या कामात पडल्या. नाशकात त्यांनी मुलींसाठी रमाबाई आंबेडकरांच्या नावानं वसतिगृह चालवलं. किती पोरी तिथून शिकून गेल्या त्यांची नावं फलकावर नाहीत. त्या पोरींच्या पोरी आज कुठंतरी पदवी घेत असतील. बहिणींनो, सत्काराच्या रांगेत तुम्हीच जास्त असता, आणि दोन वर्षांनी बैठकीला विचारलं तर कळतं, लग्न झालं, सासरी आवडत नाही. ते 'आवडत नाही' मोडायची जबाबदारी एकट्या तुमच्यावर नाही. तुमच्या पदवीधर भावानं आणि नवऱ्यानं त्या संध्याकाळी घरी पोळ्या लाटल्या तर त्यालाही आम्ही चळवळीचंच काम मानू.

आपली संघटना ज्यांच्या नावावरून नाव घेते त्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरनं १९६९ च्या जानेवारीत काय सुरू केलं? शाळेत उपाशी जाणाऱ्या पोरांना सकाळचा नाश्ता. बंदूक खांद्यावर घेतलेले फोटो आपण भिंतीवर लावले, आणि अंडी उकडणारे पँथर विसरलो. डरकाळी पाहिजेच. पण डरकाळी फोडून झाल्यावर सकाळी सहाला उठून चूल पेटवणारा कोण, यावर संघटना जगते.

म्हणून यंदाच्या पदवीधरांपुढं या अंकाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. सत्कार घ्या, आईला तेवढाच आनंद. पण हातात माइक आला की धन्यवाद म्हणून खाली बसू नका. उभं राहून तीन गोष्टी सांगा : मला काय येतं, मी कुठल्या वारी येणार, आणि कुठं बसणार. अर्ज भरता येतो, अर्ज. गणित येतं, गणित. कायदा येतो, कायदा. रक्त तपासता येतं, रक्त. समाजमंदिर जयंतीपुरतं उघडतं आणि बाकीचे दिवस त्याला कुलूप असतं. त्या कुलपाची चावी कुणाच्या खिशात आहे ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. चावी मागायला आपण सगळे मिळून जाऊ. दिली नाही तर पायरीवर बसू, दिवा आम्ही आणू.

आणि एक अट आमच्यावर. जो कुणी पदवीधर येईल त्याच्यापुढं आम्ही वर्गणीचं पुस्तक धरणार नाही. त्याला कुठल्या गटाचा म्हणून विचारणार नाही. त्याची नोकरी गेली, त्याला खोली नाकारली, कुणी जातीवरून छळलं, तर ज्या पाठीवर आम्ही गोणी वाहतो ती पाठ त्याच्यामागं उभी राहील. रोहितला, पायलला अशी पाठ मिळाली नाही. पुढच्याला मिळाली पाहिजे. उधारीच्या वहीतलं आमच्या नावचं हे देणं आहे.

या पावसाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. पहिल्या गुरुवारी शिष्यवृत्तीचे अर्ज. दुसऱ्या गुरुवारी पगाराच्या चिठ्ठ्या. माझी दिवसपाळी असेल तर मी चटई अंथरायला असेन, रात्रपाळी असेल तर दुसरा कुणी अंथरेल.

जयभीम!